दागिन्यांच्या साहित्याचा शोध : डिंक, राळ, लाख आणि सिमेंट

(इयत्ता पाचवी ते सातवी. विषय : कार्यानुभव व परिसर अभ्यास)

हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांकडून माळा, पदके व लोलक करून घेण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. त्यासाठी तालुक्याच्या गावाहून तयार मणी, चमकी व चिकटद्रव्य यांची पाकिटे आणली जातात. मुले मणी दोऱ्यात ओवतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी टेबल भरून जाते. परंतु हा मणी कशाचा आहे, तो कठीण कसा झाला, पावसात भिजला तर टिकेल की विरघळेल, या प्रश्नांची उत्तरे त्या टेबलावर मिळत नाहीत. मुलाचा हात चालला, बुद्धी मात्र स्वस्थ बसली, असे होते.

हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार वऱ्हाडातील शिक्षकांना नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत तो देशापुढे मांडला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचे अंग मानले. या दोन्ही विचारांत वस्तू विकत आणून जोडण्याला महत्त्व नव्हते. वस्तू घडताना मुलाला जे ज्ञान होते त्याला होते. म्हणून प्रस्तुत पाठात साहित्याचा शोध हाच मुख्य भाग मानला आहे. दागिना हे त्याचे फळ होय.

प्रत्येक पदार्थाविषयी मुलांनी तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. हा पदार्थ कोठून येतो? पाणी, उष्णता व चुना यांनी त्याचे काय होते? आणि तो मुलाच्या हाती देण्याजोगा आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी स्वतः आधी शोधून ठेवले पाहिजे. कारण दागिन्यांच्या साहित्यात काही पदार्थ दिसावयास निरुपद्रवी पण मुलांच्या कातडीला, डोळ्यांना व प्रसंगी जिवालाही घातक असे आहेत.

१. दागिन्याच्या पोटात काय असते?

पाठाची सुरुवात मुलांच्या घरातील दागिन्यापासून करावी. बोरमाळेचे मणी किंवा जुन्या घडणीच्या पाटल्या बाहेरून सोन्याच्या दिसतात, पण त्या भरीव सोन्याच्या नसतात. सोन्याचा पातळ पत्रा वरून असतो व आत लाख भरलेली असते. लाखेमुळे पत्रा चेपत नाही, आणि थोड्या सोन्यात मोठा दागिना होतो. गरिबाघरच्या लेकीसुनेच्या अंगावर सोने दिसावे म्हणून कारागिरांनी काढलेली ही युक्ती आहे.

मणी करण्याची कला या प्रदेशात किती जुनी आहे हेही मुलांना सांगावे. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तेथे १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले. डॉ. दीक्षित हे प्राचीन मण्यांचे व भारतीय काचेचे नामांकित अभ्यासक होते. काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी व अकीक वऱ्हाडातील नद्यांच्या पात्रांतही आढळतात. अशा खड्यांना भोक पाडून माळा करणारा कारागीर आपले साहित्य आधी आपल्या पायाखालीच शोधीत असे.

यानंतर गावातील सोनाराच्या दुकानी भेट ठरवावी. मुलांनी जाताना प्रश्न लिहून न्यावेत : "काका, बोरमाळेच्या मण्यात लाख कशी भरता? दागिन्यावर ठोककाम करताना तो हलू नये म्हणून कशात बसवता? ती लाख कोठून आणता?" ठोककामासाठी सोनार दागिना राळेच्या मिश्रणात बसवितो. राळेत विटेची भुकटी व थोडे तेल मिसळलेले असते. ऊब दिली की ते मिश्रण मऊ होते, थंड झाले की दागिन्याला घट्ट धरते आणि काम झाल्यावर पुन्हा ऊब देऊन दागिना सोडवून घेता येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की राळेचा मुख्य गुण मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

२. डिंक आणि राळ यांतील भेद

बोलण्यात झाडाच्या प्रत्येक चिकाला डिंक म्हटले जाते. शास्त्रात मात्र भेद आहे. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. हा भेद सांगू नये, दाखवावा.

प्रयोग : चार काचेच्या बाटल्या घ्याव्यात. दोहोंत पाणी व दोहोंत सुतार पॉलिशसाठी वापरतो ते स्पिरिट थोडे घ्यावे. पाण्याच्या एका बाटलीत बाभळीच्या डिंकाचा खडा व दुसरीत राळेचा खडा टाकावा. स्पिरिटच्या बाटल्यांतही तसेच करावे. बुचे लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळलेला व स्पिरिटमध्ये तसाच राहिलेला दिसतो. राळेचे नेमके उलट होते. हे स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही असते. म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावे, जवळ दिवा, चूल किंवा आगपेटी नसावी आणि प्रयोग संपताच बाटल्या कुलपात ठेवाव्यात.

मेळघाटातील सालईचा चीक मिळाल्यास तो पाचव्या व सहाव्या बाटलीत घालावा. त्याचा काही भाग पाण्यात उतरतो व काही भाग स्पिरिटमध्ये, कारण त्यात डिंक व राळ दोन्ही एकत्र असतात. जाळल्यावर त्याला धुपासारखा सुवास येतो.

लाख ही तर झाडाचा चीकच नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, झाडाचा रस पितात व अंगाभोवती लाखेचे कवच तयार करतात. एका फांदीवर असे असंख्य किडे असतात. लक्ष या संख्येवरूनच लाख हे नाव पडले असे मानतात. महाभारतातील लाक्षागृहाची गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. तिच्यावरून लाख लवकर पेट घेते ही गोष्ट येथेच मनावर ठसवावी. लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संस्था स्थापन झाली. २००७ साली तिचे कार्यक्षेत्र सर्व नैसर्गिक राळ व डिंक यांपर्यंत वाढविण्यात आले आणि २०२२ साली तिला राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था हे नाव मिळाले. एका बारीक किड्यासाठी देशाने शंभर वर्षे संस्था चालविली, ही गोष्ट मुलांना नवलाची वाटेल.

३. हे साहित्य कोठे मिळते?

पुढील ठिकाणांची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. शिक्षकांनी फक्त सुटलेले नाव भरावे.

शेताचा बांध : बाभळीचा डिंक उन्हाळ्यात खोडावर आपोआप येतो. आपल्या शेतातील झाडाचा वाळलेला डिंक मुलांनी सुट्टीत सकाळच्या वेळी, मोठ्या माणसांसोबत जमवावा. डिंकासाठी झाडाला कुऱ्हाडीचे घाव घालू नयेत. बेसुमार घावांनी झाड वाळते.

किराणा व काष्ठौषधीचे दुकान : धावड्याचा डिंक हिवाळ्यातील लाडवांसाठी घरोघरी येतोच. राळ, गेरू व मेण हेही येथे सुटे मिळू शकते. दहा-वीस ग्रॅम मागण्यात संकोच बाळगू नये.

सुतार : लाखेच्या पातळ पापुद्र्यांना चपडा म्हणतात. तो स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडी पॉलिश करतो. बारीक लाकडी भुसाही त्याच्याकडे फुकट मिळतो.

जंगल : मेळघाटात धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डिंक, मोहफूल व इतर वनोपज जमवीत आली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील अशा रहिवाशांचा हक्क मान्य झाला आहे. तेव्हा जंगलचा डिंक त्यांच्याकडून रास्त दाम देऊन घ्यावा. व्याघ्र प्रकल्पाच्या राखीव क्षेत्रात मुलांना साहित्य गोळा करण्यास नेऊ नये. ते कायद्याविरुद्ध आहे व जोखमीचेही.

गवंडी : सिमेंट व रेती यांचा जाणकार तोच. त्याच्याकडे काय विचारावयाचे हे पुढे सांगितले आहे.

४. बाजारातील द्रवरूप राळ

हल्ली शहरांतून व टपालाने काचेसारख्या पारदर्शक राळेच्या बाटल्या मिळतात. तिच्यात फुले-पाने बसवून सुंदर लोलक होतात. मुलांनी असे लोलक जत्रेत पाहिलेले असतात व तसेच करण्याची त्यांना हौस असते. म्हणून शिक्षकांना तिची माहिती हवी.

ही राळ झाडाची नव्हे, कारखान्यातील आहे. तिला इपॉक्सी म्हणतात. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां व अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली या रसायनशास्त्रज्ञांनी १९३०-४० च्या दशकांत ती स्वतंत्रपणे तयार केली, आणि १९४६ पासून ती अॅराल्डाइट या नावाने बाजारात आली. लोखंडी सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या दोन नळ्यांच्या चिकटद्रव्यात हीच राळ असते. एका नळीत राळ व दुसरीत तिला कठीण करणारे द्रव्य. दोन्ही मिसळली की त्यांचा रासायनिक संयोग होऊन उष्णता निघते व नवा कठीण पदार्थ बनतो.

पूर्ण कठीण झालेला लोलक निरुपद्रवी असतो. धोका त्यापूर्वी असतो. ओले द्रव्य पुनःपुन्हा कातडीला लागले तर खाज, लाली व फोड येतात, आणि एकदा का शरीराने असा विरोध धरला की तो आयुष्यभर राहू शकतो. प्रमाण चुकले तर मणी वरून वाळल्यासारखा दिसतो पण आत चिकट राहतो. बंद खोलीतील वाफ व घासताना उडणारी भुकटी हीही वाईट. म्हणून प्राथमिक शाळेच्या वर्गात ही राळ आणू नये. तयार लोलक दाखवावा, त्याची माहिती द्यावी आणि शाळेत त्याच हौसेचे काम डिंक, लाख व सिमेंट यांवर भागवावे.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा मुलांना समजावून द्यावा. पदार्थ कठीण होण्याच्या दोन रीती आहेत.

गुरुजी : मेण वितळवून थंड केले. पुन्हा ऊब दिली तर काय होईल?
मुले : पुन्हा वितळेल.
गुरुजी : भाकरी भाजली. आता तिच्यातून पीठ परत काढता येईल काय?
मुले : नाही गुरुजी.
गुरुजी : मग सोनाराची राळ मेणासारखी की भाकरीसारखी?
मुले : मेणासारखी. सोनारकाकांनी ऊब देऊन दागिना सोडविला.
गुरुजी : बाटलीतील राळ आणि सिमेंट?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच सांगू नये. सिमेंटच्या कामानंतर ते मुलांनीच द्यावे.

५. सिमेंट, रेती आणि पाणी

आपण वापरतो त्या सिमेंटचे पेटंट इंग्लंडमधील लीड्स येथील गवंडी जोसेफ अॅस्पडिन यांनी १८२४ साली घेतले. पोर्टलंड बेटावरील इमारती दगडासारखे दिसते म्हणून त्यांनी त्यास पोर्टलंड सिमेंट म्हटले. एका गवंड्याने लावलेल्या शोधाची गोष्ट गावच्या गवंड्यासमोरच सांगितली तर अधिक शोभते.

सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते. शाळेला पोत्याची गरज नाही. रंगाऱ्यासाठी व फरशीच्या सांध्यांसाठी पांढरे सिमेंट एक किलोच्या पुडक्यात मिळते. राखाडी सिमेंट गावात बांधकाम चालू असेल तेथून विचारून वाटीभर आणावे. सिमेंट हवेतील ओलावा शोषते. त्यात बोटांनी न फुटणारे खडे झाले असतील तर ते घेऊ नये. तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटची शक्ती कमी झालेली असते.

रेती मालकाला विचारून बांधकामाच्या ढिगातून मूठभर घ्यावी. तिची परीक्षा अशी : काचेच्या बरणीत निम्मी रेती घालून वर पाणी भरावे, हलवून दोन-तीन तास ठेवावे. खाली रेती व तिच्यावर गाळाचा थर दिसतो. गाळाचा थर रेतीच्या थराच्या साधारण बाराव्या भागाहून जाड असेल तर रेती धुऊन घ्यावी. काळी माती रेतीऐवजी कधीही वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, हे कपाशीच्या शेतात मुलांनी पाहिलेलेच असते.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात विशेष आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांच्या बऱ्याच भागात खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी सिमेंटच्या बारीक कामास योग्य नाही. मणी वाळल्यावर त्याच्यावर क्षारांची पांढरी फुली उमटते, आणि लोखंडी कडी घातली असेल तर ती लवकर गंजते. तेव्हा पिण्याचे गोडे पाणी किंवा पावसाचे साठविलेले पाणी घ्यावे. एका भांड्यात खारे व दुसऱ्यात पावसाचे पाणी घेऊन दोन लोलक केले तर फरक मुलेच सांगतील. ज्यांच्या घरच्या भिंतींना खाली पांढरी फुली धरते, त्यांना तिचे कारणही त्याच दिवशी कळेल.

६. कामाचा हंगाम

वैशाखातील उन्हात सिमेंट फार लवकर सुकते व त्यास भेगा पडतात. आषाढ-श्रावणात हवा दमट असते, पावसाचे गोडे पाणी मिळते आणि श्रावण अमावास्येला पोळा येतो. या तीन गोष्टींचा मेळ साधावा. मुलांच्या पहिल्या लोलकांनी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवावेत. बैलाच्या गळ्यात मण्यांची माळ, कपाळावर लोलक, पाठीवर कापडी झूल. लाकडी बैलाला कातडीचा धोका नाही, आणि नवशिक्या हातांचे ओबडधोबड काम त्याला शोभूनही दिसते.

७. कृती

(अ) डिंकाचे मणी. हे काम सर्व मुलांनी करावे. दोन चमचे कुटलेला बाभळीचा डिंक तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा व कापडातून गाळावा. भुसा उडू नये म्हणून त्यावर थोडे पाणी शिंपडावे व तो डिंकात मिसळून भाकरीच्या पिठासारखा गोळा मळावा. लहान मणी वळून बाभळीच्या काट्याने भोक पाडावे. सावलीत चार दिवस वाळवावे. अर्ध्या मण्यांना सुताराकडून किंवा शिक्षकांनी स्वतः चपड्याच्या पॉलिशचे दोन हात द्यावेत. मग पॉलिश केलेला व न केलेला असा एकेक मणी पाण्याच्या वाटीत टाकावा. एक टिकतो व दुसरा विरू लागतो. डिंकाला लाखेने पाण्यापासून राखले, हा पाठाचा पहिला निष्कर्ष.

(आ) सिमेंटचे लोलक. हे काम पाचवीच्या वरील मुलांनी, रबरी हातमोजे घालूनच करावे. शंभर ग्रॅम सिमेंट, शंभर ग्रॅम बारीक चाळलेली रेती व सुमारे चाळीस ग्रॅम पाणी हे प्रमाण आहे. रंग हवा असल्यास सिमेंटच्या दहाव्या भागाइतका गेरू घालावा. सिमेंट चाळणे, मोजणे व कालविणे ही कामे शिक्षकांनी उघड्यावर, नाकाला फडके बांधून करावीत. मुलांनी त्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूस थांबावे.

साच्यासाठी पाण्याच्या बाटल्यांची झाकणे व गोळ्यांची रिकामी पाकिटे उत्तम. त्यांना आतून तेलाचा हात फिरवावा. झाकणात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर चमच्याने भरावा आणि कडेशी बॉलपेनच्या संपलेल्या, शाई पुसून काढलेल्या रिफिलचा तुकडा उभा खोवावा. तो तेथेच राहू द्यावा. दोरा त्यातून ओवला की सिमेंटच्या कडेला घासून तुटत नाही. साचा दोन-चार वेळा हळूच आपटला की हवेचे बुडबुडे वर येतात.

दुसऱ्या दिवशी लोलक काढून ओल्या फडक्यात सात दिवस ठेवावेत. एक लोलक मात्र पहिल्या दिवसापासून पाण्यातच बुडवून ठेवावा. सात दिवसांनी तोही इतरांइतकाच कठीण झालेला आढळतो. येथे मागचा प्रश्न पुन्हा विचारावा. सिमेंट नुसते वाळून कठीण झाले असते तर पाण्यात कठीण झाले नसते. पाण्याशी संयोग होऊन ते पालटले आहे. म्हणजे ते भाकरीसारखे आहे, मेणासारखे नव्हे.

८. हळदीची कसोटी

ओल्या सिमेंटमध्ये चुन्याचा तीव्र क्षार असतो. तो हाताला लगेच झोंबत नाही, म्हणूनच फसवा आहे. तासाभराने कातडी कोरडी पडते व भाजल्यासारखी होते. हात लागल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात कण गेल्यास स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. स्वच्छ पाण्याची भरलेली बादली समोर असल्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

तयार लोलकातही चुना शिल्लक असतो. तो आहे की नाही हे कळण्याची कसोटी स्वयंपाकघरातच आहे. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवाव्यात. ओला लोलक पट्टीवर दाबावा. पट्टी लालसर झाली तर चुना बाहेर येत आहे. हळदीत चुना कालवून कुंकू होते ते याच गुणाने.

म्हणून लोलक पुढे तीन दिवस पावसाच्या पाण्यात ठेवावेत व पाणी रोज बदलावे. हे पाणी शिक्षकांनीच, गुरे पितात तेथून दूर ओतावे. नंतर लोलक वाळवून, उन्हात किंचित ऊब देऊन त्यांवर मेणबत्तीचे मेण सर्व बाजूंनी चोळावे व फडक्याने पुसून चकाकी आणावी. मेण लावलेला लोलक हळदीच्या पट्टीवर ओला दाबला व पट्टी पिवळीच राहिली, तर तो मुलाने दोऱ्यात ओवण्यास योग्य झाला. पट्टी लाल झाली तर मेणाचा आणखी एक हात द्यावा. गळ्यात घालावयाचा असेल तर मागील बाजूस सुती कापडही चिकटवावे.

येथे चपड्याचे पॉलिश का चालत नाही, असा प्रश्न हुशार मूल विचारील. क्षाराने लाख विरघळते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात चपडा टाकून शिक्षकांनी हे दाखवावे. डिंकाला राखणारी लाख सिमेंटवर टिकत नाही, मेण टिकते. कोणत्या पदार्थाला कोणाची सोबत मानवते, हे कळणे म्हणजेच कारागिरी.

९. वर्ज्य साहित्य

माळेसाठी मुले रंगीत बिया आणतात. त्यांतील पुढील बिया वर्गात येऊ देऊ नयेत.

गुंज : लाल बी, काळा ठिपका. सोनाराच्या वजनात आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. हे गणित जरूर शिकवावे, पण गुंजेला भोक पाडू देऊ नये. तिच्यातील विष अत्यंत तीव्र आहे. अखंड बी कठीण कवचामुळे विष बाहेर सोडत नाही. भोक पाडले की ते संरक्षण जाते आणि लहान मुले मणी तोंडात घालतात.

एरंडी : हिच्या बीतही तीव्र विष असते.

बिबा : धोबी कपड्यांवर खूण करतो ती याच्या रसाने. रस अंगाला लागला की फोड येतात. दृष्टीसाठी बाळाच्या हातात बिबा बांधण्याची चाल काही घरांत आहे. तिच्याविषयी पालकांना सौम्य शब्दांत समज द्यावी.

सीताफळाच्या बिया : त्यांची भुकटी डोळ्यात गेल्यास इजा होते. त्या फोडू किंवा टोचू नयेत.

याऐवजी चिंचोके, बोराच्या आठळ्या, भोपळ्याच्या व काकडीच्या बिया वापराव्यात.

१०. हिशेब

वर दिलेल्या प्रमाणात सुमारे ११० घन सेंटिमीटर मिश्रण होते. बाटलीच्या झाकणात अर्धा सेंटिमीटर थर भरला तर सुमारे ३ घन सेंटिमीटर लागते. म्हणजे शंभर ग्रॅम सिमेंटमध्ये पस्तीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी एक लोलक होतो. एक किलोच्या पुडक्यात असे साडेतीनशे लोलक होतील. गावातील चालू भाव घालून एका लोलकास किती पैसे पडले हे मुलांनी काढावे. त्यात आपल्या श्रमाचे मोलही धरावे. मग जत्रेतील लोलकाची किंमत व आपला खर्च यांची तुलना करावी. विकणाऱ्याचा नफा, वाहतूक व कारागिराची मजुरी या शब्दांना तेव्हा अर्थ येतो.

स्वाध्याय

१) आपल्या घरातील एका दागिन्यात कोणते पदार्थ आहेत ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
२) डिंक, राळ, लाख, मेण व सिमेंट यांचा तक्ता करा : पाण्यात काय होते, उष्णतेने काय होते, क्षाराने काय होते.
३) खाऱ्या व गोड्या पाण्यातील लोलकांचे महिनाभर निरीक्षण करा.
४) सोनार, सुतार, गवंडी व डिंक जमविणारे यांपैकी एकाची मुलाखत घ्या.

साहित्याची नोंदवही

प्रत्येक वर्गाने एक नोंदवही ठेवावी. तिच्यात पदार्थाचे नाव, मिळण्याचे ठिकाण, हंगाम, भाव, सांगणाऱ्या व्यक्तीचा व्यवसाय आणि घ्यावयाची काळजी लिहावी. जो प्रयोग फसला तोही कारणासह लिहावा. वर्षअखेरीस ही वही खालच्या वर्गाला द्यावी. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तीच माहिती पुन्हा पडताळावी. भाव बदललेले असतील, एखादे झाड तुटलेले असेल, एखादा कारागीर गाव सोडून गेला असेल. अशा नोंदी चार-पाच वर्षे टिकल्या तर गावाच्या साहित्याचा व कसबाचा तो विश्वासार्ह दप्तरच होईल. शाळेच्या तपासणीच्या वेळी प्रदर्शनाच्या टेबलावर माळांशेजारी ही वहीही ठेवावी.